गोचीड : जनावराच्या अंगावरची आणि घराभोवतीची

गोचीड आपल्या दृष्टीस पडते ती जनावराच्या अंगावर. परंतु तिच्या आयुष्याचा मोठा भाग गोठ्याच्या भिंतीत, गव्हाणीखालच्या भेगांत व परसातील गवतात जातो. याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे औषधावर पैसा खर्चूनही गोचीड हटत नाही, अशी तक्रार पुष्कळ शेतकरी करतात. एका गावी संकरित गाईवर दर आठवड्यास फवारणी चालू होती, तरी गोचिडी जशाच्या तशा. रात्री विजेरी घेऊन गोठ्यात गेलो व गव्हाणीमागील भेगेत विळ्याचे टोक फिरविले, तेव्हा करड्या, टपोऱ्या गोचिडी व अंड्यांचे तपकिरी पुंजके बाहेर पडले. मालकास औषध बनावट असल्याचा संशय होता. औषधात खोट नव्हती. ते भेगेपर्यंत पोहोचतच नव्हते.

गोचीड ही माशी-पिसवेसारखा कीटक नसून कोळी व विंचू यांच्या वर्गातील प्राणी आहे. पिल्लास सहा व मोठ्या गोचिडीस आठ पाय असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी दिसते. (एरंडाचे शास्त्रीय नाव ‘रिसिनस’, या लॅटिन शब्दाचा अर्थच गोचीड असा आहे.) फुगलेली मादी जनावरावरून खाली पडते, आडोसा शोधते, दोन-तीन हजारांपर्यंत अंडी घालते व मरते. अंड्यांतून निघालेली पिल्ले गवताच्या पात्यावर किंवा भिंतीवर चढून जनावराची वाट पाहतात. अन्नाविना ती कित्येक महिने तग धरू शकतात. सबब गोठा चार-सहा आठवडे रिकामा ठेवला म्हणजे गोचीड मेली, असे समजू नये.

गोचीड रक्त पिते, एवढ्यावरच नुकसान थांबत नाही. तिच्यामुळे थायलेरिया हा रोग होतो. जनावरास तीव्र ताप येतो, खांद्यापुढील गाठी सुजतात. संकरित जनावरे, विशेषतः वासरे, त्यास लवकर बळी पडतात. बबेसिया रोगात लघवी काळ्या चहासारखी होते. दोन्ही रोगांत वेळेवर केलेल्या उपचाराने जनावर वाचू शकते; म्हणून ताप दिसताच पशुवैद्यकास बोलवावे.

आता गोठ्याविषयी. प्रथम जनावरे व त्यांची वैरण बाहेर काढावी. भिंती, खुंटे व गव्हाण खरवडून निघालेला केर आणि वाळलेले शेण गोठ्यापासून दूर नेऊन जाळावे. भेगा सिमेंटने लिंपाव्यात व भिंतीस चुना द्यावा. गोठा मातीचा असेल तर सांधे दर वर्षी पुन्हा लिंपावे लागतील, याची तयारी ठेवावी. लिंपण्यापूर्वी भेगांत औषध मारल्यास आत दडलेल्या गोचिडीही मरतात. अंड्यांवर मात्र औषधाचा भरवसा नसतो. म्हणून सुमारे पंधरवड्याने दुसरी फवारणी अवश्य करावी. ही दुसरी फवारणीच बहुधा राहून जाते.

जनावरांवर व गोठ्यात फवारणी एकाच दिवशी करावी. एक मिलिलिटरमध्ये १२.५ मिलिग्रॅम डेल्टामेथ्रिन असलेले औषध जनावरासाठी एक लिटर पाण्यात २ मिलिलिटर या प्रमाणात वापरतात. तरी बाटलीवरील सूचना प्रमाण मानाव्यात. जनावरास आधी पाणी पाजावे, तोंडाला मुसके बांधावे, जखमेवर औषध पडू देऊ नये. कानांची आतील बाजू, कासेभोवतालचा भाग व शेपटीचे मूळ विसरू नये. औषध वाळल्यावर कास धुऊन मगच दूध काढावे. उरलेले पाणी ओढ्यात ओतू नये, मासे मरतात. वृद्ध शेतकरी अजून ‘गमेक्सिन’ भुकटीची आठवण काढतात, ती बी. एच. सी. ची भुकटी होती व बी. एच. सी. वर १९९७ मध्ये बंदी आली. जुना डबा माळ्यावर असल्यास तो वापरू नये.

कुत्र्याच्या गोचिडी बोटांच्या बेचक्यांत व कानांत शोधाव्यात. त्या भिंतीवर चढून घरातही शिरतात. म्हणून कुत्र्याचे पोते उकळत्या पाण्यात धुवावे. गुरांचे औषध मांजरास कधीही लावू नये. त्याने मांजर दगावू शकते.

अनेक घरी गोचीड नखाने ओढून दगडावर चिरडतात. ही सवय मोडलीच पाहिजे. गोचिडीच्या रक्तातून माणसास क्रिमियन-काँगो ताप होऊ शकतो. भारतात या रोगाची पहिली खात्रीशीर नोंद जानेवारी २०११ मध्ये गुजरातमध्ये झाली. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी व साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलमध्ये टाकावी. चिकटलेल्या गोचिडीवर विडीचा चटका देऊ नये, रॉकेलही ओतू नये. नंतर हात व चाव्याची जागा साबणाने धुवावी.

कोकणातील कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये आढळलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात दिसून आला. तो रानातील गोचिडीच्या चाव्याने होतो. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, आणि काजूच्या बागांतील कामेही नेमकी याच दिवसांत येतात. गोठ्यात अंथरण्यासाठी किंवा भाजावळीसाठी आणलेल्या पातेऱ्यातून गोचिडी घरापर्यंत येतात. म्हणून पातेऱ्याचा ढीग अंगणात, मुले खेळतात तेथे, रचू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, अंगाला प्रतिबंधक तेल लावावे. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून काखा, जांघा व केसांची मुळे तपासावीत. पूर्वी दिली जाणारी लस २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे ही खबरदारी अधिकच आवश्यक आहे.

माकड मेलेले आढळल्यास त्यास हात लावू नये. त्याच्या अंगावरील गोचिडी प्रेत सोडून भोवती पसरतात. जागेजवळ गुरे नेऊ नयेत व त्याच दिवशी आरोग्य केंद्रास आणि वनरक्षकास कळवावे. रानातून आल्यानंतर आठवडाभरात एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाल्यास घरगुती काढ्यावर दिवस घालवू नयेत. डॉक्टरांकडे जावे व आपण रानात कोठे आणि कधी गेलो होतो, हे न विचारताच सांगावे.