दमट हवेत थाइम : शेतात नको, कुंडीत घ्या

आखातात नोकरी करून आलेल्या आपल्या कोकणी बांधवांना झातर ठाऊक आहेच. अरबीत हे नाव थाइम व तिच्या भाऊबंद वनस्पतींना देतात. तीळ-सुमाक घातलेल्या मिश्रणालाही तेच नाव. थाइमचा वास आपल्या ओव्याच्या जवळचा, कारण दोन्हींत थायमॉल असते. मोठ्या हॉटेलांत तिच्या ताज्या काड्या लागतात. मग रत्नागिरी-रायगडात ती का पिकवू नये, असे वाचक विचारतात.

पिकते, पण बारमाही नाही. थाइम मूळची भूमध्य समुद्राकाठची. तिकडे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. आपल्याकडे सगळे उलटे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. उन्हापेक्षा ओलच तिला मारते. मुळे कुजतात, दाट झुडपाच्या आतली पाने काळी पडतात. म्हणून शेतात वाफे घालण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

मातीची कुंडी घ्यावी, तळाला भोके मोठी. निम्मी माती, निम्मी जाड वाळू व बारीक खडी. जांभ्याची माती आंबट असते, तीत चिमूटभर चुना मिसळावा. शेणखत थोडेच, जास्त खताने रोप लुसलुशीत होते, वास उतरतो. बी फार बारीक व वाढ सावकाश, त्यापेक्षा ऑक्टोबरअखेर बोटभर काड्या लावाव्यात. मूळ धरल्यावर भरपूर ऊन द्यावे. वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नये. रोज पाणी घालण्याच्या आपल्या सवयीनेच निम्मी रोपे जातात. कुंड्या एकमेकींना चिकटवू नयेत, वारा खेळला पाहिजे.

फुलण्याआधी वरचा एक तृतीयांश भाग कापावा. खालच्या जून लाकडात कात्री घालू नये, तेथून फूट येत नाही. मे महिन्यात छाटून चांगली रोपे पडवीत, पागोळ्यांपासून दूर ठेवावीत. जगतील ती पुढच्या काड्यांसाठी. बाकीची गेलीच असे धरून हिशेब मांडावा.

खरा प्रश्न विक्रीचा. सुकवल्यावर वजन फार घटते आणि सुक्या मालाला परदेशी मालाशी टक्कर द्यावी लागते. ताज्या काड्यांतच कमाई आहे. तेव्हा आधी एखाद्या हॉटेलच्या खरेदी विभागाला आठवड्याला किती काड्या लागतील, पावसाळ्यात पुरवठा थांबला तर चालेल का, हे विचारावे. होकार आल्यावरच वीस कुंड्या मांडाव्यात. घरच्या मटणासाठीच हवी असेल, तर परसातला पानओवा पुरे. तो पावसाला थाइमइतका घाबरत नाही.