प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यातला दुवा : डिव्हाइस ड्रायव्हर



"सर, माउस हलवला की कॉम्प्युटरला कळतं कसं?" असं मुलं विचारतात. 'ड्रायव्हर असतो' एवढं सांगून आपण पुढे जातो. आज हा दुवा नीट समजून घेऊया.

कुठलाही साधा प्रोग्रॅम यंत्राला थेट हात लावू शकत नाही; प्रोसेसरच त्याला अडवतो. तो अधिकार कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा. बोनाफाईड हवं असेल तर मूल ऑफिसातलं कपाट उघडत नाही. ते खिडकीवर अर्ज देतं, रजिस्टर क्लार्क काढतो. इथे अर्ज म्हणजे 'सिस्टीम कॉल' आणि त्या कपाटाची माहिती असलेला क्लार्क म्हणजे ड्रायव्हर.

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणं 'डेव्ह' फोल्डरमध्ये फाइलसारखी दिसतात. म्हणून अर्जही फाइलचेच : ओपन, रीड, राइट, क्लोज. वेबकॅमचं चित्र किती मोठं हवं, अशा खास मागणीसाठी 'आयओसीटीएल' हा वेगळा कॉल आहे.

समजा, प्रोग्रॅमने माउसची फाइल 'रीड' केली, पण माउस हललाच नाही. मग कर्नेल त्या प्रोग्रॅमला झोपवून ठेवतो. माउस हलला की इंटरप्ट येतो, ड्रायव्हर माहिती घेतो आणि प्रोग्रॅम जागा होतो.

करून पाहा : लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'डेव्ह'मधल्या 'इनपुट' फोल्डरातली 'माइस' ही फाइल 'कॅट' कमांडने उघडा. परवानगी नाकारली जाईल. आता 'सुडो' लावून, पासवर्ड देऊन उघडा आणि माउस हलवा. स्क्रीनवर अगम्य अक्षरं धावू लागतील. माउसकडून आलेली कच्ची माहिती ती हीच! थांबवायला कंट्रोल आणि सी दाबा.

आता महत्त्वाचं. साधा प्रोग्रॅम चुकला तर सहसा तो एकटाच बंद पडतो. ड्रायव्हर मात्र बहुधा कर्नेलच्या आतच चालतो. तो चुकला तर अख्खा कॉम्प्युटर बसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले. विमानसेवा, बँका, दवाखाने, सगळीकडे खोळंबा झाला.

म्हणून घरी आणि लॅबमध्ये एक नियम पाळूया : ड्रायव्हर घ्यायचा तो सिस्टीम अपडेटमधून किंवा उपकरणाच्या कंपनीच्या साइटवरूनच. 'फुकट ड्रायव्हर' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवरून नाही. कपाटाची किल्ली आपण कोणाच्या हाती देतोय, हे मुलांना आधी विचारायला शिकवूया.