घोटा मुरगळला: टेप की ब्रेस?

प्रश्न : दोन दिवसांपूर्वी बोईसर स्टेशनच्या जिन्यावर पाय मुरगळला. घोटा बाहेरून सुजला आहे. तारापूर एमआयडीसीत उभ्याने काम असते. टेप लावू की ब्रेस?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : आधी हाड मोडले नाही ना, ते पाहा. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड अथवा पावलाची बाहेरची कड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढाच.

हाड शाबूत असेल तर ब्रेस घ्या. अस्थिबंध भरून येण्यात दोन्हींत फारसा फरक नाही. फरक वापरात आहे. टेप जाणत्या हातानेच लावावी लागते, हालचालीने सैल पडते आणि किनारपट्टीच्या दमट हवेत घामाने कातडी सोलवटते. सूज चढत असताना घट्ट टेप धोक्याची. लेसचा ब्रेस सुजेनुसार सैल-घट्ट करता येतो, आंघोळीला काढता येतो. सेफ्टी शूजमध्ये मावतो का, हे बूट घालूनच तपासा.

साधारण चार ते सहा आठवडे वापरा. सध्या घोटा चोळून घेऊ नका. सोसेल तसे चाला. दुखणे ओसरले की एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम रोज करा. पुन्हा मुरगळण्याचा धोका त्याने खूप घटतो.