फॉरमॅट मारण्यापूर्वी

जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना गाणी सुचत आणि ती त्यांच्या स्मरणातच राहत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू यांनी त्यांतली काही गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि १९५२ मध्ये त्या टिपणांवरून पुस्तक निघाले. जी गाणी टिपली गेली, ती आज शाळाशाळांतून म्हटली जातात. जी टिपायची राहिली, ती बहिणाबाईंबरोबरच गेली.

विद्यार्थिमित्रांनो, एकच प्रत आणि तीही एकाच जागी, अशी स्थिती आज पुष्कळ घरांतल्या कॉम्प्युटरचीही असते. माझ्या धुळ्याच्या घरी होतीच. आजीने म्हटलेली चौदा अहिराणी गाणी मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. पुढे यंत्र फार मंद चालू लागले, तेव्हा त्याला फॉरमॅट मारायचे ठरले. मी सावधपणे गाणी 'सी' मधून 'डी' मध्ये ठेवली आणि यंत्र दुकानात दिले. तिथे पूर्ण डिस्कच नव्याने आखली गेली. गाणी गेली!

चूक माझीच होती. 'सी' आणि 'डी' या दोन निराळ्या पेट्या नव्हेत. बांध घालून एकाच शेताचे दोन तुकडे करावेत, तसे ते एकाच डिस्कचे भाग होते. विहीर आटली की दोन्ही तुकडे सुकणारच.

आता डिस्कच्या आत डोकावू. आत गुळगुळीत चकत्या असतात व त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्या थरातल्या सूक्ष्म भागांच्या चुंबकनाच्या दिशेत आपली माहिती 'शून्य' आणि 'एक' यांच्या रूपात साठते. चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा. चालू डिस्कला धक्का का लागू द्यायचा नाही, हे निराळे सांगायला नको.

कोणती फाइल चकतीवर कोठे आहे याची एक नोंदवही डिस्कवरच असते. 'झटपट' फॉरमॅटमध्ये ही वही कोरी होते. ग्रंथालयातील नोंदवही फाडली तरी पुस्तके कपाटातच राहतात, तसे. म्हणून त्यानंतर डिस्कवर काहीही नवे न लिहिता शोध घेतला, तर बरेच परत मिळू शकते. माझी अकरा गाणी अशीच मिळाली, पण नावे पुसलेली. उरलेल्या तिघांच्या जागी विंडोजच्या फाइली येऊन बसल्या होत्या. 'पूर्ण' फॉरमॅटची गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून (२००७) त्यात सर्वत्र शून्ये लिहिली जातात. नव्या लॅपटॉपमधील एसएसडीत तर झटपट फॉरमॅटनंतरही आतले यंत्रच मोकळ्या झालेल्या जागा पुसून टाकते. तेथे आशा जवळजवळ नाहीच.

तेव्हा प्रत आधी घ्यायची, आणि ती वेगळ्या डिस्कवर. वेळ किती लागेल? २०० जीबी म्हणजे २,००,००० एमबी. जुन्या यूएसबी-२ जोडणीतून सेकंदाला सुमारे ३० एमबी जातात, म्हणजे जवळजवळ १ तास ५० मिनिटे. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर ३३ मिनिटे पुरतात. मध्येच वीज गेली तर अर्धवट प्रतीवर विसंबू नका.

प्रोग्राम नुसते उतरवून चालत नाहीत, ते पुन्हा बसवावे लागतात. त्यांचे परवाना-क्रमांक कागदावर लिहून ठेवा. नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर फॉरमॅटनंतर इंटरनेटच सुरू होणार नाही. शिक्षकांसाठी एक खास सूचना: श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेल्या प्रश्नपत्रिका असतील तर तो फॉन्टही जपा. तो नसेल तर फाइल उघडेल, पण मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल.

आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम: प्रत उघडून पाहणे. फॉरमॅटपूर्वी ती दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. फाइलींची संख्या व एकूण आकार मूळाशी ताडून पाहा. चारपाच फाइली उघडा, गाणे असेल तर शेवटपर्यंत ऐका. मगच जुनी डिस्क पुसा. नवी यंत्रणा बसली की आधी प्रोग्राम, नंतर फाइली.

माझ्या अकरा गाण्यांची एक प्रत आता जळगावला मावशीकडे, सुमारे ९० किलोमीटरवर असते. पांझरेला पूर आला किंवा घरात चोरी झाली तरी ती सुटेल. दर दिवाळीला तिकडे गेलो की ती डिस्क जोडतो आणि मावशीबरोबर एक गाणे ऐकतो. राहिलेल्या तिनांपैकी एकाच्या दोन ओळी मावशीला आठवल्या. त्या मी तेथेच टिपून घेतल्या.