परदेशातील संसार : अपेक्षा आणि समायोजनाचा ताण

एखादे कुटुंब परदेशी गेले की गावाकडे दोनच गोष्टी विचारल्या जातात : पगार किती आणि घर केवढे? त्या घरातील माणसांच्या मनावर पडणाऱ्या ताणाचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेत गेलेल्या दक्षिण आशियाई, विशेषतः भारतीय कुटुंबांच्या आधारे तो करू.

पार्श्वभूमी
अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने देश पाहून ठरवलेली जुनी कोटा-पद्धत रद्द केली व कौशल्य आणि नातेसंबंध यांना प्राधान्य दिले. त्यामुळे भारतातून डॉक्टर व इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले. पुढे त्यांनी आपल्या नातेवाइकांना बोलावले. १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा आला आणि संगणक क्षेत्रातील तरुणांना वाट मोकळी झाली.

ताणाची कारणे
(१) कर्त्यावरील अपेक्षा : परदेशी जाणारा एकटा जात नाही. शिक्षणाचे कर्ज, भावंडांची लग्ने, गावचे घर, सारे त्याच्याबरोबर जाते. नोकरी गेली तर व्हिसाही धोक्यात येतो. तरी फोनवर तो 'सगळे मजेत आहे' एवढेच सांगतो.

(२) पत्नीची कोंडी : एच-१बी धारकाच्या पत्नीला एच-४ व्हिसावर नोकरीची मुभा नव्हती. २०१५ पासून ती काही अटींवर काहींनाच मिळाली. इथे शाळेत शिकवणारी स्त्री तिथे दिवसभर चार भिंतींत बसते. छळ झाला तर परतीचे तिकीटही नवऱ्याच्या हाती असते. अशा दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत १९८५ साली 'मानवी' ही संस्था स्थापन झाली, यावरून प्रश्न किती जुना आहे हे कळते.

(३) मुले : मुले नवी भाषा लवकर शिकतात, मग आईवडिलांचे दुभाषे होतात. घरात मोठे कोण, हेच उलटते. शिवाय नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे चालते. तेवढ्यात मूल २१ वर्षांचे झाले की त्याचा अवलंबित व्हिसा संपू शकतो.

(४) जात : समुद्र ओलांडला म्हणून जात सुटत नाही. ओळखीच्या माणसांतच आडनाव विचारले जाईल या भीतीने काहीजण आपल्याच देशबांधवांपासून दूर राहतात. २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातीय भेदभावास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर.

समायोजनाचे मार्ग
कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी चार मार्ग सांगितले आहेत : आपले जपून नवे घेणे, आपले सोडून नव्यात मिसळणे, नव्यापासून अलिप्त राहणे आणि दोन्हींपासून तुटणे. पहिल्या मार्गात साधारणतः ताण कमी, तर चौथ्यात अधिक आढळतो. मात्र पहिला मार्ग केवळ स्थलांतरिताच्या हाती नसतो. यजमान समाजानेही दार उघडावे लागते. एकाच घरात बाप अलिप्त व मुलगी मिसळणारी असेल, तर दोघांच्या दोन वाटा होतात आणि जेवणाचे ताटही भांडणाचे कारण ठरते.

काय करता येईल?
१. निघण्यापूर्वी पैसे किती व किती वर्षे पाठवायचे, हे घरात स्पष्ट बोलावे.
२. पत्नीने आपल्या व्हिसाचे नियम स्वतः वाचावेत. पासपोर्ट व बँक खाते स्वतःच्या ताब्यात ठेवावे.
३. दवाखान्यात व कचेरीत मुलांना दुभाषे करू नये.
४. झोप उडणे, चिडचिड, एकटेपणा यांना कमीपणा न मानता डॉक्टरांशी बोलावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या परदेशी जातील, जरूर जावे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांच्याही मागे घर होते आणि चणचण होती. परंतु जे मागे राहतील, त्यांचेही एक कर्तव्य आहे. पुढच्या फोनवर 'काय पाठवतोस?' याआधी 'कसा आहेस?' असे विचारावे, आणि खरे उत्तर आले तर ते शांतपणे ऐकून घ्यावे.