पेडगावचा पाऊस कुठे वाचायचा?

प्रश्न : आमच्या शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी आता संगणकही आला आहे. पण प्रकल्प दिला की मुलं गुगलवर शब्द टाकतात आणि सगळ्यात वर येईल ते वहीत उतरवून काढतात. खात्रीचे ऑनलाइन माहितीसाठे वापरायची सवय त्यांना कशी लावावी? त्यांची वर्गणी शाळेला परवडेल का?
– एक वाचक शिक्षिका, पेडगाव, जि. परभणी

उत्तर : वर्गणीची काळजी आधी सोडा. महागड्या संशोधन-नियतकालिकांसाठी केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केलेली 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना उच्च शिक्षणसंस्थांसाठी आहे, शाळा तिच्यात नाहीत. पण शाळेला लागतं ते बहुतेक फुकटच मिळतं. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे, आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आहेत.

अडतं ते प्रकल्पाच्या विषयापाशी. 'पाण्याचे महत्त्व' असा विषय दिला की मुलं उतरवणारच, कारण त्याचं तयार उत्तर जागोजागी पडलेलं आहे. त्याऐवजी विचारा, 'गेल्या पावसाळ्यात पेडगाव मंडळात अतिवृष्टी किती दिवस झाली?' यावर तयार निबंध सापडणार नाही. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय पावसाचे आकडे असतात. त्यातून चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलेले दिवस मोजायचे. पंचनाम्याच्या बोलण्यात हा आकडा मुलांनी घरी ऐकलेला असतो, त्यामुळे शोधायला हुरूपही येतो.

दुसरा प्रश्न परभणी जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा द्या. एका गटाला विश्वकोशातली नोंद पाहू द्या, दुसऱ्याला २०११ च्या जनगणनेची पुस्तिका. आकडे जुळणार नाहीत. लगेच उलगडा करू नका, थोडी वादावादी होऊ द्या. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला आणि विश्वकोशातली नोंद त्याच्या कितीतरी आधीची आहे. दोन्ही आकडे आपापल्या काळाचे आहेत. माहितीला तारीख असते, हे यातून जितकं पक्कं बसेल तितकं व्याख्यानाने बसणार नाही. त्याच पुस्तिकेत गावनिहाय तक्ते आहेत. शाळा, पाण्याची सोय, लोकसंख्या या रकान्यांत आपलं गाव शोधायला सांगा आणि आज काय बदललं आहे ते गावात फिरून ताडून पाहू द्या.

नववी-दहावीच्या मुलांना 'कृषिकोश' दाखवा. तिथे देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत, आपल्या परभणीच्या विद्यापीठाचेही. 'परभणी क्रांती' ही भेंडी याच विद्यापीठाची. तिचं नाव टाकून काय सापडतं ते पाहा. मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो, म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना सोबत घ्या. सुरुवातीला नुसता सारांश वाचला तरी पुरे.

नेट ऐन तासाला जातं, तेव्हा जनगणनेची पुस्तिका आधीच डाउनलोड करून संगणकात ठेवा. आणि प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी तीन ओळी सक्तीच्या करा : माहिती कुठून घेतली, ती कोणत्या वर्षाची आहे, आपण ती कधी पाहिली. दहापैकी चार गुण या तीन ओळींना ठेवा. गुण कुठे आहेत हे कळलं की मुलं बाकीचं स्वतःच शोधतात.