कचेरीतला ताप, शरीराला ताप

डोकेदुखी, आम्लपित्त, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन नोकरदार माझ्याकडे येतात. तपासणीत काही निघाले नाही, की मी विचारतो, "सुट्टीच्या दिवशी त्रास होतो का?" उत्तर बहुधा 'नाही' असते. मग कळते, की शेजारच्या टेबलावरचा सहकारी चारचौघांत टोमणे मारतो, स्वतःचे काम यांच्यावर ढकलतो.

राग गिळला तरी ॲड्रिनलिन व कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतातच. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, मानेचे स्नायू आखडतात. रोज असे घडले, तर झोप व पचन बिघडते.

यावर उपाय काय?

१) टोमण्याला लगेच उत्तर देऊ नये. आधी चार-पाच दीर्घ श्वास घ्यावेत.

२) नंतर एकांतात, स्वभावावर नव्हे तर कृतीवर बोलावे : "माझी चूक दिसली तर आधी मला सांगा, साहेबांसमोर नको."

३) फरक न पडल्यास तारीखवार नोंद ठेवून वरिष्ठांना लेखी कळवावे.

४) स्त्री कर्मचाऱ्याचा लैंगिक छळ होत असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तीन महिन्यांच्या आत समितीकडे लेखी तक्रार करावी.

रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा अधिक भरल्यास अंगावर काढू नये. मन फारच खचले, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.